मेर्लोच्या बागेत श्रावण

शनिवार, 9 सप्टेंबर 2023

घराचा ताबा चारला मिळणार होता आणि आम्ही अडीचलाच फाटकाशी हजर. फ्रान्समध्ये सुट्टीची घरं बहुधा शनिवार ते शनिवार अशीच देतात. जुने पाहुणे सकाळी दहाला बाहेर, नवे दुपारी चारला आत. मधल्या सहा तासांत काय चालतं ते फाटकातून दिसत होतं. दोन बायका चादरींचे गठ्ठे वाहत होत्या, एक माणूस पोहण्याच्या तलावाच्या तळाला लांब दांड्याचा ब्रश मारत होता, आणि स्वतः मालकीणबाई, पायांत चिखलाचे बूट, हातात गुलाब, घाईघाईने व्हरांडा ओलांडत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी हात केला, पण फाटक काही उघडलं नाही. चार म्हणजे चार.

दोर्दोन्य नदीच्या दक्षिणेला, कास्तियों-ला-बातायच्या थोडं अलीकडे ही जागा आहे. तुलूजहून गाडीने तीन तास लागले. धाकट्या भावाने आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या पंचाहत्तरीसाठी हे घर घेतलं: आठवड्याला साडेचार हजार युरो, साफसफाईचे वेगळे, माणशी रोजचा पर्यटन कर वेगळा, शिवाय अनामत. तुलूजची आणखी दोन मराठी कुटुंबं वाट्याला आहेत म्हणून जमलं. अण्णांना आकडा कळू द्यायचा नाही, असं गाडीतच ठरलं.

घर अठराव्या शतकातलं, बैठं आणि लांबलचक. दगड मधाच्या रंगाचा, खिडक्यांची दारं करड्या निळ्या रंगाची. भिंतीला हात लावला की दगडात मुरलेले शिंपल्यांचे तुकडे लागतात. हा सगळा मुलूख कधीकाळी समुद्राखाली होता. आत मात्र सगळं कालपरवाचं. न्हाणीघरात फरशी पायाला कोमट लागते. स्वयंपाकघरात तीन घाटांचे वाइनचे पेले आहेत, प्रत्येकी डझनावारी, पण परात नाही. भावजयीला हे ठाऊक होतं. तिने पोळपाट, लाटणं, कढई आणि कुकर गाडीत आधीच भरले होते. तलावाला कुंपण आणि वर गजर. खासगी तलावाला असलं काहीतरी संरक्षण हवंच, असा इथे 2003 पासून कायदा आहे.

टेबलावर मालकीणबाईंनी स्वागताच्या दोन बाटल्या ठेवल्या होत्या. आईने त्या उचलून कपाटावर ठेवल्या. यंदा अधिक श्रावण आला, म्हणजे तिचं पाळणं जुलैपासून चाललंय. अण्णा तर माळकरी. तेव्हा वाइनच्या मळ्यात आलेल्या या कुटुंबात पहिल्या रात्री बाटली उघडली गेली नाही. भगर आणि दाण्याची आमटी झाली.

रविवार, 10 सप्टेंबर

अण्णा पहाटेच बागेत. मी चहाचा थर्मास घेऊन मागोमाग गेले तेव्हा ते वाकून जमिनीवर काहीतरी शोधत होते. ठिबकची नळी. ती त्यांना कुठेच सापडेना. धाकट्याने समजावलं, इथे नाव लावून विकायच्या वाइनच्या बागेला एरवी पाणी द्यायला मनाई असते; नवी लागवड वगैरे सोडली, तर वेलीने आपलं पाणी आपण खाली जाऊन शोधायचं. अण्णा काही बोलले नाहीत. निफाड तालुक्यात त्यांनी आपल्या द्राक्षबागेच्या पाण्यासाठी किती भोकं पाडली, ते त्यांनाच माहीत.

वेली कमरेएवढ्या. मांडव नाही, वाय-अँगल नाही, दोन-तीन तारा आणि लाकडी खुंट. घड मुठीएवढे, मणी जांभळाहून लहान. आमच्याकडे मण्याचा आकार वाढावा म्हणून जीए या संजीवकात घड बुडवायचे, विरळणी करायची, अठरा मिलिमीटर भरला का बघायचं; इथे लहान मणीच हवा, कारण रंग आणि तुरटी सालीत असते आणि लहान मण्याला रसाच्या मानाने साल जास्त. आणि उत्पादनाला वरून मर्यादा: हेक्टरी पन्नास हेक्टोलिटरच्या आसपास, ठिकाणानुसार थोडं कमी-जास्त. अण्णांनी मनातल्या मनात टन-एकर केलं. “अडीच टन? एवढं तर आमची पाखरं खातात.”

मग ते एका ओळीशी थबकले. पानं करपलेली, घडांत तपकिरी सुकलेले मणी. “डावणी,” ते म्हणाले. खरंच डावणीच होती, वेलींची बुरशी. मे-जूनच्या उबदार पावसाने यंदा बोर्दोच्या बागा डावणीने धरल्या आणि सगळ्यात जास्त मार मेर्लोला बसला. सगळ्या जिल्ह्यात सर्वांत जास्त लावलेली जात म्हणजे हीच.

डावणीला औषध सापडलं तेही इथलंच. 1882 च्या सुमारास, इथून वायव्येला मेदोकमध्ये, रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणारे-जाणारे तोडतात म्हणून शेतकरी त्यांवर मोरचूद आणि चुन्याचं निळसर कालवण शिंपडत. बघूनच कोणी तोंडात घालू नये, एवढाच हेतू. बोर्दो विद्यापीठातल्या मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेची पानं हिरवी आहेत आणि आतल्या बागेची डावणीने झडलीत. 1885 मध्ये त्याने मिश्रणाची कृती छापली. अण्णा ती चाळीस वर्षं न वाचता करत आलेत: किलो मोरचूद, किलो चुना, शंभर लिटर पाणी, आणि विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस चढलं, तर चुना कमी पडला. चोरांसाठी काढलेली ही युक्ती निफाडात आणि कोकणातल्या सुपारीवर पोचली, याचं अण्णांना मला वाटलं होतं तेवढं नवल वाटलं नाही. “चोर सगळीकडे असतात,” म्हणाले.

आता युरोपात तांब्यालाही शिधा लागला आहे. सात वर्षांत हेक्टरी अठ्ठावीस किलो, त्यापुढे नाही. तांबं जमिनीतून जात नाही, साठत राहतं, गांडुळांना ते सोसत नाही. डावणीच्या असल्या वर्षी सेंद्रिय बागवाल्याचा तो शिधा किती भराभर संपत असेल!

सोमवार, 11 सप्टेंबर

आकडा अण्णांना कळला. फ्रेंच येत नाही, पण भाडेकराराचा कागद फ्रिजवर चिकटवलेला होता, आणि आकडे सगळीकडे सारखेच. कोणाला काही बोलले नाहीत. दुपारी मालकीणबाई पालेभाजी घेऊन आल्या तेव्हा धाकट्याला दुभाषी करून त्यांनी आपल्या पद्धतीने चौकशी सुरू केली. जमीन किती? अकरा हेक्टर. गडी किती? एक कायमचा, बाकी कंत्राटी. माल कुठे जातो? थोडा बाटल्यांतून, जास्त सुटा, व्यापाऱ्याला. भाव?

इथे बाई हसल्या. सुटी वाइन अजून टोनोवर विकतात, टोनो म्हणजे 900 लिटर. त्यांना गेल्या खेपेला आठशे युरो मिळाले. खर्च त्याहून जास्त येतो. फ्रेंच लोकच पूर्वीसारखी रोज तांबडी वाइन पीत नाहीत, चीनची मागणी उतरली, तिथल्या ज्या धनिकांनी इथे शंभराहून अधिक मळे घेतले त्यांतले काही आता विकायला काढलेत. सरकारने यंदा बोर्दोत साडेनऊ हजार हेक्टर बागा उपटण्याची योजना आणली आहे, हेक्टरी सहा हजार युरो. बाईंनी तीन हेक्टरांचा अर्ज भरलाय. निफाड-दिंडोरीतही यंदा मार्चच्या अवकाळीनंतर बागांवर कुऱ्हाडी चालल्या. पैसे मोजायला कोणी आलं नाही, हे अण्णांनी भाषांतर करू दिलं नाही.

त्या गेल्यावर अण्णांनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. हेक्टरी पाच हजार लिटर, म्हणजे साडेपाच टोनो. आठशेने चव्वेचाळीसशे. आणि हे घर आठवड्याला पंचेचाळीसशे.

“अडीच एकरांचं वर्ष आपण आठवड्यात नुसतं राहून संपवणार,” ते म्हणाले. रागाने नाही; त्यांना तो हिशेब आवडला होता. जून ते सप्टेंबर घर भरलेलं असतं, म्हणजे हे एक घर उरलेल्या सगळ्या मळ्याहून जास्त पिकतं, आणि त्याला डावणी येत नाही.

मला तो हिशेब रात्री आठवून झोप लागेना. जाहिरातीत छायाचित्रं घराची कमी आणि वेलींची जास्त होती. आम्ही पैसे मोजले ते खिडकीतून दिसणाऱ्या ओळींचे. बाईंनी सगळी बाग उपटली तर घराचं भाडं पडेल. बाग ठेवली तर वाइनमध्ये तोटा. म्हणजे घराच्या भाड्यावर बाग जगवायची, बागेच्या देखाव्यावर भाडं मिळवायचं. आता इथे वाइन हे जोडउत्पन्न आहे, असं म्हटलं तर बाईंना लागेल, पण वहीत तरी लिहावं.

मंगळवार, 12 सप्टेंबर

ऊन कमी. मुलं तलावात. कपडे वाळत घालायला दोरी बांधली, तर माहितीपुस्तिकेत चित्र काढून बजावलेलं निघालं की दर्शनी बाजूला कपडे वाळत घालू नयेत. दोरी मागे नेली.

बुधवार, 13 सप्टेंबर

पहाटे साडेचारला घरघर. खिडकीबाहेर दिवेच दिवे. एका ओळीवर पाय फाकून उभं राहील एवढं उंच यंत्र वेलींवरून चाललं होतं. पोटात लवचिक दांडे, ते वेलीला दोन्ही बाजूंनी झोडतात, मणी गळतात, देठ वेलीवरच राहतात. गारव्यात तोडलेलं द्राक्ष लवकर बिघडत नाही म्हणून हे सगळं रात्री. बोर्दोतला मोठा भाग आता असाच तोडला जातो. हाताने तोडणी नामांकित मळ्यांना परवडते. यंत्रही बाईंचं नाही, कंत्राटदाराचं. त्याची पाळी आली तेव्हा तोडायचं; द्राक्ष पिकलं का, हा प्रश्न त्यानंतरचा.

अण्णा स्वेटर घालून बांधावर उभे. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याच्या बायका येतात, हातात कात्री, घडाला बोट न लावता देठाने धरून क्रेटमध्ये ठेवायचा. मण्यावरची लव पुसली गेली तर निर्यातीचा माल देशी बाजाराला. तो माणूस इथे द्राक्षाला झोडपताना बघत होता. अर्ध्या तासाने एवढंच म्हणाले, “डिझेल किती खातं ते विचार.”

सात वाजता आवारातल्या धाकट्या घरातलं पॅरिसचं जोडपं झोपमोडीची तक्रार घेऊन बाईंकडे गेलं. बाईंनी पुस्तिकेचं पान उघडून दाखवलं: सप्टेंबरात तोडणी असते, आवाज होईल. मग आमच्याकडे वळून धाकट्याला म्हणाल्या, लोकांना मळा हवा असतो, ट्रॅक्टर नको असतो. मला ते पटलं, आणि कपड्यांच्या दोरीची आठवणही झाली. ट्रॅक्टर नको असणाऱ्यांचं मन बाईही सांभाळतातच की.

मग त्यांनी आम्हाला कोठारात नेलं. स्टीलच्या टाक्या, जुने सिमेंटचे हौद, आणि कोपऱ्यात ओकची थोडी पिंपं. बोर्दोचं पिंप 225 लिटरचं, त्यात तीनशे बाटल्या. नवं घ्यायचं तर आठशे युरोच्या पुढे, म्हणजे एका टोनोचे पैसे त्यातच. बाई जुनीच वापरतात. नळाखाली पेला धरून त्यांनी ताजा रस दिला, अजून फसफसायला न लागलेला. हा रस माळेला चालतो का, यावर अण्णांनी क्षणभर विचार केला आणि घोट घेतला. “बावीस ब्रिक्स.” बाईंनी मापकात थेंब टाकला. चोवीस. खाण्याच्या द्राक्षावर पोसलेली जीभ, अठराच्या वर गेलं की तिला सगळं एकच गोड. बाईंनी तरीही भुवया उंचावल्या आणि दुसऱ्या हौदाचा पेला पुढे केला. दुपारपर्यंत ते दोघं धाकट्याशिवाय, बोटांनी आणि आकड्यांनी बोलत होते.

गुरुवार, 14 सप्टेंबर

आज पोळा. सकाळी सँतेमिलियोंला गेलो.

गाव सुंदर आहे आणि ते त्याला माहीत आहे. 1999 पासून जागतिक वारसा. खडकातच कोरून काढलेलं चर्च आहे, त्याच्या डोक्यावर मनोरा. खालून सगळा डोंगर पोखरलेला. इथला दगड काढून बोर्दोची घरं बांधली आणि उरलेल्या भुयारांत वाइन ठेवली. वाइनच्या मळ्यांची इथली प्रतवारी 1955 पासूनची, दर दहाएक वर्षांनी नव्याने लागते आणि अलीकडे त्यावरून कोर्टकचेऱ्याही होतात. गेल्या वर्षीच्या यादीआधी ओझोन आणि शव्हाल ब्लाँ ही सगळ्यांत वरची दोन नावं स्वतःच बाहेर पडली. गुणांकनात वाइनच्या चवीबरोबर पर्यटकांचं स्वागत, समाजमाध्यमांतली हजेरी असल्या गोष्टींचं वजन फार झालं, ही त्यांची तक्रार होती. आमच्या मालकीणबाईंना घरभाड्याने जे शिकवलं ते वरच्या मळ्यांनाही शिकावं लागतंय. एवढंच की नको म्हणणं त्यांना परवडतं.

शेजारच्या पोमरोलमध्ये हेक्टरचा भाव दहा लाख युरोच्या कितीतरी पुढे. नदीपलीकडे, आमच्या बाईंच्या बाजूला, दहा-बारा हजार. रुपयांत दहा लाखांच्या आसपास, अडीच एकर! अण्णांनी दोनदा विचारून खात्री केली. आमच्याकडे हायवेला तेवढ्यात दोन-चार गुंठे येतात.

गावाबाहेरच्या एका बागेत ओळींमधून घोडा नांगर ओढत होता. काही मोठे मळे आता ट्रॅक्टर सोडून घोड्याकडे वळलेत. माती दाबली जात नाही, आणि पाहुण्यांना आवडतं. दोन्ही कारणं खरी. आईने रस्त्यावरूनच नमस्कार केला. सण बैलांचा, पण राबणारं जनावर समोर आहे तर हात जोडायला काय लागतं, असं तिचं म्हणणं.

संध्याकाळी तिने बागेतली माती मागवली. चिकण आणि चुनखडीची माती, जिच्या नावाने इथे बाटल्या विकतात. तिचे बैल मात्र चांगले होईनात, चुन्याच्या खड्यांनी शिंगं तुटत. भाचीने खडे वेचून दिले. पुरणपोळी झाली, डाळ तुलूजहून आणलेली. बैल पाटावर मांडून पूजा चालली असताना मालकीणबाई टॉवेल बदलायला आल्या आणि दारातच थांबल्या. धाकट्याने सांगितलं, हा दिवस बैलांच्या सुट्टीचा, आज त्यांना कामाला लावत नाहीत. बाईंनी पोळी खाल्ली, दुसरी मागून घेतली, आणि एक बैल ठेवून घेऊ का विचारलं. आईने सगळ्यांत धड शिंगांचा दिला.

शुक्रवार, 15 सप्टेंबर

वाद. अमावास्या आपल्याकडे आज सकाळी सातच्या सुमारास संपली, तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेलेली. म्हणजे इथल्या सूर्योदयाला प्रतिपदा, श्रावण संपला, असं धाकट्याचं गणित. आईचं पंचांग नाशिकचं. तिथे आजचा सूर्य अमावास्येत उगवला, सबब आजचा दिवस श्रावणातच. गणित दोघांचंही बरोबर आहे. निकाल असा लागला की ज्याने-त्याने आपापल्या सूर्यावर चालावं, आणि कपाटावरच्या बाटल्या खाली आल्या.

दुपारी मोंतेन्यचा मनोरा पाहिला, इथून जवळच. निबंध या प्रकाराचा मूळ पुरुष 1571 मध्ये कामकाज सोडून या मनोऱ्यात पुस्तकं घेऊन बसला. छताच्या तुळयांवर त्याने लिहवून घेतलेली ग्रीक-लॅटिन वचनं अजून आहेत. मुख्य वाडा 1885 मध्ये जळाला, मनोरा वाचला. मला वचनांपेक्षा त्याच्या पणजोबाची गोष्ट लक्षात राहिली. तो बोर्दोचा व्यापारी, खारे मासे, वाइन, निळीचा रंग विकणारा. त्याने 1477 मध्ये ही जहागीर विकत घेतली आणि दोन-तीन पिढ्यांत घराण्याचं आडनाव गळून जागेचं नाव लागलं. वेलींमधल्या घरात राहून आपण कोणीतरी असल्यासारखं वाटून घेण्याचा धंदा या मुलखात जुनाच. पूर्वी घर विकत घ्यावं लागे, आता आठवड्याने मिळतं.

बातम्यांत शॅम्पेन भागातले तोडणीचे मजूर. उन्हाच्या तडाख्यात काम करताना काही जण मेले. तिथे नियमाने सगळी तोडणी हातानेच करावी लागते. अण्णांना धाकट्याने सांगितलं. परवाचं झोडपणारं यंत्र त्यांना आवडलं नव्हतं. आज त्यांनी त्याबद्दल काही म्हटलं नाही.

जेवताना वाइन. मेर्लो जास्त, थोडी काबर्ने फ्राँ, बाईंच्याच बागेची, 2019 ची. चांगली होती, याहून जास्त मला सांगता येणार नाही, आणि ज्यांना सांगता येतं ते फार वेळ सांगतात. वांग्याच्या भरताबरोबर बरी लागली.

शनिवार, 16 सप्टेंबर

साडेनऊला यादी घेऊन बाई. पेले मोजले, एक कमी. भावजयीने तुकडे जपून ठेवले होते ते दाखवले. बाईंनी हात झटकला, अनामत पूर्ण परत. त्या दोन बायका आधीच आल्या होत्या आणि आम्ही खाटेवरून उठायच्या आत उशांचे अभ्रे काढत होत्या. त्यांच्याशी आईची ओळख झाली होती. एक पोर्तुगालची, एक मोरोक्कोची. दर शनिवारी सहा तासांत दोन घरं.

गाडीत थोरल्याचा फोन. गंगापूर धरणाकडे वायनरीवाल्यांनी खोल्या बांधल्याच आहेत, तो केव्हापासून म्हणतोय, विहिरीजवळ तीन खोल्या आपणही काढू. अण्णा इतके दिवस नाही म्हणत होते. आज म्हणाले, बघू. मग स्वतःच अडचणी काढू लागले: ऑक्टोबर छाटणीनंतर डिसेंबरापर्यंत फवारे थांबत नाहीत, आणि नाताळात तर पाहुणे येणार. पाहुण्यांसमोर फवारायचं, की फवारा चुकवून डावणी ओढवून घ्यायची? थोरला म्हणाला, फवाऱ्याच्या दिवशी खोल्या बंद ठेवू. अण्णा म्हणाले, मग नाताळात उघड्या कधी राहणार?

आईने फोन मागून घेतला. तिला एवढंच विचारायचं होतं की आठवड्याच्या चादरी कोण धुणार. थोरला म्हणाला, बाई लावू. आई म्हणाली, तोडणीला बायका मिळत नाहीत म्हणून तूच गेल्या महिन्यात रडत होतास. मग नेटवर्क गेलं.